अक्षरांना शेजार लागतो

मोठ्या माणसाला लिहायला-वाचायला शिकवताना पहिली अडचण येते ती बाराखडीची नाही, चष्म्याची. पिंपळे सौदागरमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुपारी तीनला सात-आठ जणी पाट्या घेऊन बसतात. सकाळची धुणीभांडी, स्वयंपाक, झाडलोट उरकलेली असते, संध्याकाळची कामं पाचला सुरू व्हायची असतात. त्यांतल्या पन्नाशीच्या एका मावशींना पंधरा दिवस झाले तरी ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे दिसेनात. आम्ही शिकवणारे मोठ्या चिकाटीनं तीच अक्षरं पुन्हा पुन्हा गिरवून घेत राहिलो. शेवटी शेजारी बसलेल्या बाईनं आपल्या नाकावरचा चष्मा काढून त्यांच्या नाकावर चढवला. मावशींनी पुस्तक लांब धरलं, जवळ आणलं आणि म्हणाल्या, "अगं, याच्या डोक्यावरची रेघ तुटल्याली हाय व्हय!"

शिकवणाऱ्याच्या लक्षात न आलेली गोष्ट शेजारणीच्या लक्षात आली. त्या दोघी एकाच वस्तीत राहतात, एकाच नळावर पाणी भरतात. संध्याकाळी तांदूळ निवडताना मावशींना खडा दिसत नाही, हे शेजारणीला कधीचंच माहीत होतं. प्रौढशिक्षणाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते एवढ्यात आलं. अक्षर ओळखायला शिकवायला एक माणूस पुरतो, पण शिकणाऱ्याला पाटीपाशी टिकवून धरायला भोवतालची माणसं लागतात. महाराष्ट्राच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांत साक्षरतेचं काम जिथे जिथे रुजलं, तिथे ते या शेजारावर रुजलं. जिथे सुकलं, तिथे शेजार पांगलेला होता.

सुरुवात पुण्यातच झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. 1855 मध्ये या दोघांनी कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा सुरू केली, ही गोष्ट मात्र भाषणांतून क्वचितच ऐकू येते. मला ती पहिल्या गोष्टीइतकीच मोलाची वाटते. दिवसभर शेतात किंवा मजुरीवर राबलेल्या माणसाला शाळेच्या वेळेत बोलावणं म्हणजे बोलावलंच नाही म्हणण्यासारखं आहे, हे त्यांनी ओळखलं आणि शाळाच त्या माणसाच्या वेळेवर नेऊन ठेवली. तेही अशा काळात, जेव्हा शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला जात होता.

समाज पाठीशी नसला की काय होतं, हे रमाबाई रानड्यांच्या आठवणींत तपशिलानं वाचायला मिळतं. 1873 मध्ये लग्न होऊन त्या रानड्यांच्या घरी आल्या तेव्हा त्यांचं वय अकराच्या आसपास होतं आणि अक्षरओळख नव्हती. पती माधवराव रानडे त्यांना शिकवत, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्या शिकण्याबद्दल त्यांना टोचून बोलत, छळत. न्यायखात्यातला वजनदार नवरा शिक्षक म्हणून लाभला होता, तरी दिवसभर स्वयंपाकघरात ज्या माणसांत वावरायचं ती माणसं विरोधात होती. रमाबाई शिकल्या त्या विलक्षण जिद्दीच्या जोरावर. प्रत्येकीकडून अशा जिद्दीची अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे, हे बहुधा त्यांनाच सगळ्यांत जास्त कळलं असावं. कारण 1909 मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीनं त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथे मोठ्या वयाच्या, गरजू, विधवा स्त्रियांना एकत्र बसवून शिकवलं. आपल्याला जी सोबत मिळाली नव्हती, ती त्यांनी इतरजणींसाठी उभी केली.

मुंबईच्या गिरणगावात हेच काम चाळींमधून झालं. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगनं कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. त्या रात्रशाळांना आयतं बळ मिळालं ते गाववाल्यांच्या खोल्यांचं. एका गावची दहा-वीस माणसं एका खोलीत राहत. त्यांतला एखादा शिकलेला असे, तो सगळ्यांची पत्रं लिही, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवी. ऐकणाऱ्यांतल्या कुणाला तरी एक दिवस वाटे की हे आपल्यालाही आलं पाहिजे. शिकण्याची इच्छा अशी ऐकता ऐकता जागी होते. फलक लावून ती होत नाही.

आता साताऱ्याकडे येतो, कारण या साऱ्या इतिहासात माझं मन तिथेच सर्वांत जास्त रेंगाळतं. 1959 मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी चाळीस वर्षं आधीपासून रयतेच्या घरात शिक्षण पोहोचवायला सुरुवात केली होती, त्यामुळे जमीन नांगरलेली होती. मोहिमेची कल्पना साधी होती. निरक्षर माणूस एकेकटा मोजायचा नाही, गाव मोजायचं. गावानं एकत्र बसून ठरवायचं की आमच्या गावात कुणी अंगठा उठवणारा राहणार नाही. प्राथमिक शाळेचे गुरुजी आणि चार यत्ता शिकलेली पोरं शिकवायला पुढे येत. शाळेत, देवळात, चावडीवर, कुणाच्या ओसरीवर वर्ग भरत. सारं गाव लिहितं-वाचतं झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. तो एखाद्या विद्यार्थ्याचा नव्हे, गावाचा गौरव असे.

या रचनेत काय घडलं असेल याचा विचार करा. वर्गाला न आलेल्या गड्याला बोलवायला शिक्षकाला जावं लागत नसे, शेजारीच जात असे, कारण त्याच्यामुळे गावाचा समारंभ अडणार होता. सुनेला संध्याकाळी तासभर मोकळं सोडायला सासू तयार होई, कारण शेजारची सासू तयार झालेली असे. पन्नाशीच्या बाप्याला पाटी हातात धरायची लाज वाटेनाशी होई, कारण त्याच्या वयाचे सगळेच पाटी धरून बसलेले. प्रौढ माणसाच्या शिकण्यातला खरा अडसर हा लाजेचा असतो. पोराटोरांना पाढे चुकण्याची मुभा असते. घर चालवणाऱ्या, लग्नं ठरवणाऱ्या, चार माणसांत शब्दाला मान असलेल्या माणसाला ‘क’ चुकणं फार महागात पडतं. त्याची ही लाज कोणतंही पाठ्यपुस्तक काढू शकत नाही. ती बरोबरीची माणसंच काढतात, आपणही चुकून.

1961 पासून ही मोहीम टप्प्याटप्प्यानं राज्यातल्या इतर जिल्ह्यांत पोहोचली. आपल्याकडे साक्षरतेची गोष्ट निघाली की क्यूबाचं नाव आदरानं घेतलं जातं. तिथे 1961 मध्ये एक लाखाहून अधिक तरुण मुलं-मुली खेड्यांत जाऊन राहिली आणि वर्षभरात सुमारे सात लाख माणसं लिहू-वाचू लागली. ते मोठं काम होतंच. पण त्याच्या दोन वर्षं आधी माण-खटाव-कोरेगावच्या मुलखात कंदिलाच्या उजेडात गावंच्या गावं बाराखडी गिरवू लागली होती, हे आपल्याच लेकरांना आपण सांगितलं नाही, याची खंत वाटते.

मोहीम कुठे कमी पडली, तेही सांगितलं पाहिजे. समारंभ झाला, गावाच्या अंगावर गुलाल पडला आणि वर्ग बंद झाले. नवसाक्षरांना वाचायला सोपी पुस्तकं नव्हती, त्यांना वाचून दाखवायला रोजचं ठिकाण नव्हतं. न वापरलेलं अक्षर विळ्याच्या पात्यासारखं गंजतं. कित्येकांना पुढे सही तेवढी उरली, कित्येकांची तीही गेली. गावानं शिकण्यासाठी एकत्र यावं हे मोहिमेनं साधलं होतं. शिकून झाल्यावर एकत्र राहण्याला काही निमित्त लागतं, ते मात्र मोहिमेजवळ नव्हतं.

ते निमित्त त्याच जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला, पुढच्या पिढीतल्या बायकांना सापडलं. कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं. रोज थोडेथोडे पैसे बाजूला टाकू पाहणाऱ्या बायकांना दारात उभं करणारी बँक तिथे नव्हती. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जदार बायकांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या. गावात रडारड झाली. पण बायकांनी ठरवलं की एवढ्यावरून अडत असेल तर शिकून घेऊ. दिवसाची कामं आटोपून रात्री वर्ग सुरू झाले. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. वाचता येत नव्हतं कारण आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, असं त्यांनी ठणकावून सांगितलं आणि आव्हान दिलं, कोणत्याही रकमेचं व्याज आम्हाला तोंडी काढायला सांगा, तुमच्या माणसांनीही यंत्राशिवाय काढावं, कोण आधी सांगतंय ते पाहू. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

या गोष्टीतला आव्हानाचा भाग सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो. पण माझं लक्ष त्या रात्रीच्या वर्गांकडे जातं. सही शिकणारी बाई तिथे आपल्या एकटीपुरती शिकत नव्हती. ती चुकली असती तर सगळ्याजणींची बँक अडली असती. म्हणून दमून झोपायला निघालेलीला दुसरीनं उठवून आणलं असेल. पुढे अक्षरं गंजलीही नाहीत, कारण पासबुक, भरणा, कर्जाचा हप्ता हे रोजचं वाचन झालं. साताऱ्याच्या पहिल्या मोहिमेत जे निसटलं होतं, ते म्हसवडला हाती आलं.

सरकारी योजनांचा प्रवास थोडक्यात सांगतो. 2 ऑक्टोबर 1978 ला राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम आला, 1988 मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यानं 1989 च्या प्रजासत्ताकदिनी मोहीम सुरू केली आणि वर्षभरात, फेब्रुवारी 1990 मध्ये, तो संपूर्ण साक्षर जाहीर झाला. तिथल्या कार्यकर्त्यांनी शिकणाऱ्यांचे डोळे तपासून घेतले, घरोघरी फिरून चष्मे गोळा केले. आमच्या पार्किंगमधला धडा त्यांनी आधीच गिरवला होता. आता 2022 ते 2027 या काळासाठी ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. तो पंधरा वर्षांपुढच्या सगळ्यांसाठी आहे आणि स्वयंसेवकांच्या बळावर उभा आहे. त्याची 150 गुणांची चाचणी आपल्या राज्यात 17 मार्च 2024 ला झाली, तो रविवार होता. रविवार म्हणजे सुट्टी, असा हिशेब त्यामागे असणार. घरकाम करणाऱ्या बायकांना मात्र रविवारी पाहुण्यांची भांडी जास्त असतात. त्या दिवशी कुणीतरी त्यांची दोन घरं सांभाळली, तरच त्या केंद्रावर पोहोचणार.

फांगणे गावात हे सांभाळणं कसं दिसतं ते बघायला मिळतं. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं हे छोटं गाव. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी 8 मार्च 2016 ला तिथे साठीपुढच्या बायकांसाठी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू केली. पोथी स्वतः वाचता यावी, ही त्या आज्यांची इच्छा होती. गुलाबी नऊवारी हा गणवेश, खांद्याला दप्तर, दुपारी दोन तासांचा वर्ग. शिकवायला बसल्या त्या शीतल मोरे, गावातलीच सून, आणि पाटी घेऊन समोर बसलेल्या आज्यांत त्यांच्या सासूबाईही होत्या. रमाबाई रानड्यांच्या घरातलं चित्र डोळ्यांपुढे आणा आणि मग हे पाहा. जी सासू सुनेच्या शिकण्याला आडवी येत होती, ती आता सुनेपुढे बसून बाराखडी म्हणते. यायला शंभराहून अधिक वर्षं लागली, पण गाव इथवर आलं.

हे सगळं मी पिंपळे सौदागरमध्ये बसून लिहितो आहे, त्याला कारण आहे. या पट्ट्याला अक्षरांचं नातं नवं नाही. चाकणचे संताजी जगनाडे जातीनं तेली, तुकोबांच्या टाळकऱ्यांतले एक, आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून परंपरा त्यांना मानते. घाण्यावरचा माणूस लेखणी धरतो, आणि ज्यांना लेखणी धरता येत नाही ते तोच अभंग टाळ-मृदंगाच्या साथीनं पाठ करतात. देहू-आळंदीच्या मधल्या या टापूत शब्द असा सोबतीनं राहिला.

मग कारखाने आले. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, 1970 ची नगरपालिका 1982 मध्ये महानगरपालिका झाली, आणि पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत गेली. दुष्काळी भागातली माणसं पोटामागे इकडे आली. साताऱ्याच्या माण-खटावातून आली, सोलापूर, बीड, लातूर, धाराशिव, जालन्यातून आली, अजून येत आहेत. पवनेकाठच्या पिंपळे सौदागरच्या शेतांवर मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांत भांडी घासायला, लिफ्ट पुसायला, फाटकावर उभं राहायला जी माणसं येतात, त्यांच्यामागे गाव राहिलेलं नाही. ग्रामगौरव समारंभासाठी हात धरून वर्गाला नेणारा शेजारी गावाकडेच राहिला.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता 82.34 टक्के होती, स्त्रियांची 75.87. म्हणजे सात वर्षांपुढच्या दर चार स्त्रियांमागे जवळजवळ एक वाचू शकत नव्हती. आकडा आता पुढे सरकला असेल. पण त्या वेळी चाळिशीत असलेली बाई आज पन्नाशीत आहे आणि ती रोज आपल्या घरात पोळ्या लाटायला येते. लोक म्हणतात, आता फोन वाचून दाखवतो, शिकायची गरज काय? गरज ही आहे की फाटकावरच्या ॲपमध्ये तिची ये-जा नोंदली जाते आणि ती नोंद तिला वाचता येत नाही. बचत गटाच्या नावाखाली वस्तीत येणारा कर्जवाला पाच पानांवर अंगठा घेतो आणि हप्ता किती आठवड्यांचा हे तोंडी सांगतो. चाकणच्या ठेकेदाराकडे लागलेला तिचा नवरा ‘सुरक्षेच्या सूचना समजल्या’ या वाक्याखाली सही करतो, आणि त्याला येतं ते एवढं सहीपुरतंच.

आमच्या वर्गातला एक प्रसंग सांगायलाच हवा. जोडाक्षरं झाल्यावर वाचायला नवं काय द्यावं म्हणून मी म्हटलं, आजूबाजूला जे लिहिलेलं दिसेल ते वाचा. एक जण उठली आणि लिफ्टशेजारच्या फलकापाशी गेली. बोट ठेवून, एकेक शब्द जोडत तिनं वाचलं, "घर-का-म-गार महि-लांनी ही लिफ्ट वाप-रू नये." तिच्यामागे उभ्या असलेल्या साऱ्या जणी गप्प झाल्या. त्या रोज त्या फलकावरून जात होत्या. वॉचमननं दुसऱ्या लिफ्टकडे बोट दाखवलं होतं म्हणून तिकडे जात होत्या. तो नियम कुणीतरी विचार करून लिहिलेला आहे, हे त्या दिवशी त्यांना कळलं. मला तिथे उभं राहवेना. मी याच इमारतीत राहतो आणि तो फलक मी कित्येक वर्षं वाचत होतो.

पुढच्या बैठकीत वर्गाला येणाऱ्या तीन रहिवासी बायकांनी तो विषय काढला. वाद झाला, चार जण रागावून उठून गेले, आणि फलक उतरला. त्या तिघी शिकवायला बसल्या नसत्या तर तो आजही तिथे असता. मी शेजार म्हणतो तो हा. एकानं दुसऱ्यावर उपकार करण्याचा त्यात भाग नाही. शिकवणाऱ्याच्या डोळ्यांवरही चष्मा चढतो.

म्हणून पिंपळे सौदागर, रहाटणी, वाकड, पिंपळे गुरव इथल्या सोसायट्यांना माझं सांगणं आहे. साताऱ्यात गाव मोजलं गेलं, इथे सोसायटी मोजा. आपल्या फाटकातून रोज आत येणाऱ्यांपैकी किती जणांना वाचता येत नाही, हे समितीनं एकदा आपुलकीनं, नाव न फोडता विचारावं. निवृत्त शिक्षिका प्रत्येक इमारतीत आहेत, दहावी-बारावीची मुलं आहेत, ‘उल्लास’मध्ये स्वयंसेवक म्हणून नोंदवायची सोय आहे. वर्गाच्या तासाचे पैसे कामाच्या पगारातून कापू नका. वर्गाच्या दिवशी एखादीला उशीर झाला तर एक दिवस भांडी आपण घासू. एक डोळेतपासणी करून घ्या, ती पहिल्याच आठवड्यात. आणि वर्ग संपला तरी आठवड्यातून एकदा बसणं मोडू नका, मग पासबुक वाचा, पोथी वाचा, गावाकडून आलेली लग्नपत्रिका वाचा.

पाऊस सुरू झाला की आमच्या पार्किंगमध्ये पाणी येतं, पाट्या भिजतात. वर, पहिल्या मजल्यावर, क्लबहाऊस आहे. पंखे आहेत, उजेड आहे, चाळीस खुर्च्या आहेत. दुपारी तीन ते पाच तिथे कुणी नसतं. किल्ली फाटकावरच्या वॉचमनकाकांकडे असते, आणि परवा ते मला बाजूला घेऊन हळूच विचारत होते, बायकांच्या वर्गात बसलेलं चालेल का.